एकच हरित उत्प्रेरक इंधनही देईल आणि पाणीही शुद्ध करील का?

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. एम.एस्सी. झालं आहे, संशोधनाचा विषय ठरवायचा आहे. ती विचारते: "वनस्पतींच्या अर्कापासून बनवलेले हरित नॅनो-उत्प्रेरक सूर्यप्रकाशात सांडपाण्यातून हायड्रोजन काढतात आणि त्याच वेळी पाणीही शुद्ध करतात, असं बऱ्याच शोधनिबंधांत वाचलं. हे प्रत्यक्षात होतं का? होत नसेल तर इंधन आणि पाणी यांपैकी कुठल्या बाजूला काम करण्यात अर्थ आहे? आणि उत्प्रेरक खरोखर हरित आहे हे ओळखायचं कसं?"

उत्प्रेरक बनवायचे, तपासायचे आणि दहातले नऊ बाजूला ठेवायचे, हे काम मी वीसेक वर्षं करतो आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

एका दगडात दोन पक्षी मारायचा हा बेत प्रयोगशाळेत जमतो, मोठ्या प्रमाणावर जमत नाही. त्याचं कारण उत्प्रेरकाच्या दर्जात नाही, हिशेबात आहे. तो हिशेब आधी करू, पाच मिनिटांचं काम आहे.

समजा सांडपाण्याचा सीओडी लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे. म्हणजे त्यातला सगळा सेंद्रिय माल जाळायला लिटरमागे ५०० मिलीग्रॅम ऑक्सिजन लागेल. ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनचा एक रेणू बनायला दोन लागतात. त्या हिशेबानं एका लिटरमधून जास्तीत जास्त ३१ मिलिमोल, म्हणजे ६३ मिलीग्रॅम हायड्रोजन निघेल. हजार लिटरमागे ६३ ग्रॅम. त्यात ऊर्जा साधारण २.१ युनिट. तीही शंभर टक्के माल शंभर टक्के कार्यक्षमतेनं वापरला गेला तर. शोधनिबंधांत जे पाणी घेतात ते बहुधा लिटरला दहा मिलीग्रॅम रंग घातलेलं ऊर्ध्वपातित पाणी असतं. त्याचा सीओडी वीसच्या आसपास धरला तर हजार लिटरमागे हायड्रोजन निघतो अडीच ग्रॅम. तेवढ्यासाठी पाणी ढवळायचं, त्यातला ऑक्सिजन नायट्रोजन फुंकून हाकलायचा, वर दिवा लावायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरी अडचण रसायनातलीच आहे आणि ती जास्त मुळावर येते. प्रकाश-उत्प्रेरकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे पोकळी, उरते. पोकळी पाण्यातल्या घाणीचं ऑक्सिडीकरण करते. इलेक्ट्रॉन कुठे जाणार ते तुम्ही ठरवायचं. पाणी शुद्ध करायचं असेल तर इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला द्यावा लागतो. तो दिला की पोकळी मोकळी राहते, शिवाय त्या ऑक्सिजनपासून बनणारे क्रियाशील रेणूही घाण फोडायला मदत करतात. हायड्रोजन हवा असेल तर मात्र ऑक्सिजन अजिबात चालत नाही, कारण तो इलेक्ट्रॉन आधी पळवतो. एका कामाला हवा फुंकायची, दुसऱ्याला हवा काढायची. दोन्ही एकाच भांड्यात "यशस्वी" झाल्याचं वाचलंत की पद्धतीच्या विभागात जाऊन बघा. हायड्रोजनचा प्रयोग बहुधा पोकळ्या भरून काढायला दहा टक्के मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमाइन घालून, ऑक्सिजन काढून केलेला असतो, आणि पाणी शुद्ध करण्याचा वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यात, उघड्यावर. मिथेनॉल स्वतःच इंधन आहे. ते घालून हायड्रोजन मिळवणं ही उत्प्रेरक तपासण्याची सोय झाली, इंधन बनवण्याची पद्धत नव्हे.

आता नुसत्या हायड्रोजनकडे येऊ. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशात पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून हे क्षेत्र चालू आहे. या पदार्थाच्या अॅनाटेज रूपाची ऊर्जादरी, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. त्यामुळे ३८८ नॅनोमीटरपेक्षा लांब लहरी त्याला उपयोगाच्या नाहीत, आणि सूर्यप्रकाशातला अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून लोक ग्राफिटिक कार्बन नायट्राइडकडे वळले. २००९ मध्ये त्यातून हायड्रोजन निघतो हे दाखवलं गेलं. ऊर्जादरी २.७, म्हणजे निळा प्रकाशही चालतो. धातू लागत नाही, युरिया किंवा मेलामाइन झाकलेल्या क्रूसिबलमध्ये ५५० अंशांच्या आसपास भाजलं की झालं. ऐकायला एकदम हरित. प्रत्यक्ष करून बघा: क्रूसिबल भरून युरिया ठेवला तरी तळाशी चिमूटभर पिवळी पूड मिळते, बाकीचा अमोनिया आणि इतर वायू होऊन उडून जातो. भट्टी धुराड्याखाली नसेल तर पहिल्याच दिवशी शेजारच्या प्रयोगशाळेतून माणूस येतो. आणि हायड्रोजन नीट निघायला या बिनधातूच्या उत्प्रेरकावर वरून प्लॅटिनमचे कण चढवावेच लागतात. शीर्षकात "धातूविरहित" आणि पद्धतीत "तीन टक्के प्लॅटिनम" असे निबंध मी स्वतः तपासले आहेत.

या वाटेवरचं सगळ्यात प्रामाणिक काम मला जपानमधल्या काझुनारी डोमेन यांच्या गटाचं वाटतं. अॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर त्यांनी २०२० मध्ये जवळजवळ प्रत्येक अतिनील फोटॉन कामाला लावून दाखवला. मग २०२१ मध्ये उघड्यावर शंभर चौरस मीटरचे पॅनेल मांडून निघालेला वायू वेगळाही केला. सूर्यप्रकाशातून हायड्रोजनमध्ये गेलेली ऊर्जा सर्वोत्तम क्षणी ०.७६ टक्के होती, आणि तो आकडा त्यांनी तसाच छापला. चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिट ऊन पडलं असं धरा. पाऊण टक्क्यानं एक ग्रॅमच्या थोडा वर हायड्रोजन मिळतो. त्याच जागेत वीस टक्क्यांचं सौर पॅनेल लावून ती वीज सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या इलेक्ट्रोलायझरला दिली तर वीसेक ग्रॅम. प्रकाश-उत्प्रेरकांचं संशोधन निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. पण "स्वच्छ इंधन बनवतो" असं म्हणायचं असेल तर या वीस ग्रॅमशी तुलना टाळता येत नाही.

म्हणून इंधनाच्या बाजूला मी इलेक्ट्रोलिसिसच्या उत्प्रेरकांना वरचा नंबर देतो. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात सेल १.८ ते २ व्होल्टवर चालतो. वरचा बहुतेक खर्च ऑक्सिजनच्या बाजूला होतो, कारण तिथे चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन टप्प्याटप्प्यानं काढावे लागतात. आम्लधर्मी पटलाच्या सेलमध्ये हे काम इरिडियम करतं, आणि जगभरात इरिडियमचं वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या आसपास आहे. अल्कली सेलमध्ये मात्र निकेल आणि लोखंड पुरतं. वीस-तीस टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ६० ते ८० अंश तापमान, निकेलची जाळी. शंभर वर्षांहून जुनं तंत्र आहे, दिसायला अजिबात आकर्षक नाही.

इथली एक गोष्ट जवळून सांगतो, कारण उत्प्रेरकाच्या कामात माणूस कसा फसतो ते तिच्यात नीट दिसतं. निकेल हायड्रॉक्साइडचा थर द्या, अल्कलीत बुडवा, वीज सोडा. दर फेरीला प्रवाह थोडा थोडा वाढत जातो. आम्ही खूश झालो होतो: आपला उत्प्रेरक वापरता वापरता सुधारतोय! टिपणवहीत "स्वयंसक्रियन" असा भारदस्त शब्दही लिहिला होता. खरा प्रकार असा की बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अत्यल्प लोह असतं आणि निकेल हायड्रॉक्साइड ते स्पंजासारखं शोषून घेतं. काम करत होती ती निकेल आणि लोह यांची जोडी. कॉरिगन या संशोधकांनी हे १९८७ मध्येच लिहून ठेवलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. आता आमच्याकडे नियम आहे: अल्कली आधी शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडच्या पुडीबरोबर हलवून, लोह काढूनच वापरायची. ती वापरल्यावर आमचा "सुधारणारा" उत्प्रेरक तिथल्या तिथे बसला. हायड्रोजनच्या बाजूला असाच सापळा प्लॅटिनमच्या प्रति-इलेक्ट्रोडचा. आम्लात तो सूक्ष्म प्रमाणात विरघळतो आणि समोरच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतो. मग कोळशाचा साधा तुकडाही प्लॅटिनमसारखा वागतो आणि आपण "धातूविरहित उत्प्रेरक" जाहीर करतो. समोर ग्राफाइट लावा, संशय मिटेल.

बायोडिझेलमध्ये मी सुरुवातीची सहा वर्षं घालवली, त्यामुळे तिथे थोडं रेंगाळतो. तेल आणि मिथेनॉल यांची अल्कलीत अदलाबदल होऊन मिथाइल एस्टर आणि ग्लिसरीन बनतं. रेणूंचं प्रमाण एकास तीन पुरतं, पण क्रिया पुढे ढकलायला सहा ठेवतात, तापमान साठ अंशांच्या आसपास. शंभर किलो तेलामागे दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन निघतं. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा मेथॉक्साइड हे स्वस्त आणि वेगवान उत्प्रेरक, पण ते मालात विरघळतात. ते काढायला बायोडिझेल पाण्यानं दोन-तीनदा धुवावं लागतं आणि साबण, मिथेनॉल, अल्कली घेऊन ते पाणी गटाराकडे निघतं. इंधन स्वच्छ आणि पाणी घाण. तुमच्या प्रश्नातल्या दोन बाजू खऱ्या अर्थानं भेटतात त्या इथे. धुवायला न लागणारा घन उत्प्रेरक सापडला तर एकाच कामानं इंधन आणि पाणी दोन्हींचं भलं होतं, तेही कुठल्या चमत्कारी पुडीशिवाय.

त्यासाठी सगळ्यांचा आवडता उमेदवार म्हणजे अंड्याच्या किंवा शिंपल्यांच्या कवचापासून बनवलेला चुना, कॅल्शियम ऑक्साइड. कवच धुवायचं, कुटायचं, ९०० अंशांवर तीन-चार तास भाजायचं. भाजण्याआधी आणि नंतर वजन करा. शंभर ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ५६ ग्रॅम ऑक्साइड उरतं, म्हणजे ४४ टक्के वजन जायला हवं. कवचात सेंद्रिय पापुद्रा असल्यानं थोडं जास्तच. घट ३८-४० टक्क्यांवर थांबली असेल तर आत कच्चा कार्बोनेट राहिला आहे, क्ष-किरणांच्या यंत्राकडे धावायची गरज नाही. भाजलेली पूड गार होईपर्यंत उघडी ठेवू नका. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती झपाट्यानं पिते. माझी एक अख्खी तुकडी सैल झाकणाच्या डब्यात शनिवार-रविवार राहिली. सोमवारी तिच्यावर क्रिया हललीच नाही, आणि मी दोन आठवडे दोष तेलाला देत होतो.

पण चुन्याची खरी अडचण वेगळी आहे. तो थोडा विरघळतो. ती शोधायची चाचणी साधी आहे. क्रिया अर्ध्यावर आली की गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढा आणि गाळलेला द्राव परत ढवळत ठेवा. काम घन पृष्ठभाग करत असेल तर रूपांतर आहे तिथे थांबायला हवं. माझ्या बाबतीत ते चाळिसावरून सत्तरच्या पुढे गेलं. म्हणजे ज्याला मी घन उत्प्रेरक म्हणत होतो त्याचं बरंचसं काम विरघळलेलं कॅल्शियम करत होतं. बायोडिझेलच्या युरोपीय प्रमाणकात, ईएन १४२१४ मध्ये, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोला ५ मिलीग्रॅमची मर्यादा आहे. माझा माल तिच्या कितीतरी वर होता. तो धुवायचा तर परत पाणी आलंच. त्यानंतर "आठ वेळा पुन्हा वापरला" हे वाक्य मला पुरत नाही. आठव्या वेळी मालात किती कॅल्शियम होतं ते मी आधी बघतो.

तेलाबद्दलही एक सांगून ठेवतो. वापरलेल्या तेलात मुक्त मेदाम्लं असतात आणि ती अल्कली खातात. एक ग्रॅम ओलेइक आम्ल ०.१४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड संपवतं. तेलात अशी आम्लं पाच टक्के असतील आणि तुम्ही तेलाच्या वजनाच्या एक टक्का अल्कली घातली असेल, तर त्या एक टक्क्यातला ०.७ टक्का साबण बनवण्यात गेला. मग थर वेगळे होत नाहीत, बाटलीत मलईसारखा फेस राहतो आणि माणूस उत्प्रेरकाला शिव्या देतो. अशा तेलाला आधी घन आम्ल-उत्प्रेरकावर मिथेनॉलबरोबर फिरवायचं, अल्कलीचा टप्पा नंतर. आम्लांक, म्हणजे तेलातल्या मुक्त आम्लांचं प्रमाण, न मोजता कुठल्याही तेलावर उत्प्रेरक तपासू नका.

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन हा विषय मोठा आहे, पण इथे दोनच वाक्यं. त्यात चालणारे उत्प्रेरक जुनेच आहेत: मिथेनॉलसाठी तांबे, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना, २०० ते ३०० अंश, ५० ते १०० बार दाबाखाली, मिथेनसाठी निकेल, ज्या अभिक्रियेला १९१२ चे नोबेल मानकरी साबातिए यांचं नाव आहे. आणि प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून सूक्ष्म प्रमाणात मिथेन मिळाल्याचा दावा करायचा असेल तर कार्बन-१३ या जड, वेगळा ओळखू येणाऱ्या कार्बनचा वायू वापरून दाखवा, कारण उत्प्रेरकावर चिकटून राहिलेला सेंद्रिय माल फुटूनही तेवढा मिथेन सहज निघतो.

आता पाणी. इथली सगळ्यात मोठी फसवणूक निळ्या रंगाची आहे. मिथिलीन ब्लू पाण्यात घाला, उत्प्रेरक टाका, दिवा लावा. तासाभरात पाणी पांढरं, ६६४ नॅनोमीटरवरचं शिखर गायब, "९८ टक्के ऱ्हास". यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात. रंग उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नुसता चिकटला असेल. रंगानं स्वतःच दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला दिला असेल, म्हणजे काम रंगाच्या जिवावर चाललं, उत्प्रेरक नुसता हमाल. रंगाचं क्षपण होऊन त्याचं बिनरंगी ल्युको रूप बनलं असेल, जे हवा लागली की परत निळं होतं. आणि शेवटी, खरोखर रेणू फुटला असेल, पण तो पूर्ण कार्बन डायऑक्साइडपर्यंत गेला की अर्ध्यावरच बिनरंगी तुकडे होऊन राहिला, हे रंगावरून कळत नाही. ते कळायला एकूण सेंद्रिय कार्बन (टीओसी) मोजावा लागतो. माझ्या एका नमुन्यात रंग ९५ टक्के गेला होता आणि सेंद्रिय कार्बन १८ टक्के. पाणी काचेसारखं दिसत होतं. म्हणून रंगाऐवजी फिनॉल किंवा एखादं बिनरंगी औषधद्रव्य घ्या, दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळा, आणि टीओसी मोजायची सोय नसेल तर ती असलेल्या प्रयोगशाळेशी आधी बोलून ठेवा.

ऊर्ध्वपातित पाण्यात चाललेला उत्प्रेरक खऱ्या पाण्यात का मार खातो, याचाही हिशेब सरळ आहे. भूजलात लिटरला २०० मिलीग्रॅम बायकार्बोनेट ही सामान्य गोष्ट. घाण फोडणारा क्रियाशील हायड्रॉक्सिल रॅडिकल बायकार्बोनेटशी तुलनेनं संथ क्रिया करतो, सेंद्रिय रेणूंशी काहीशे पट वेगानं. पण बायकार्बोनेट असतो तीन मिलिमोलच्या वर आणि तुमचा प्रदूषक असेल एक मायक्रोमोल. गुणाकार केला की दर सहा-सात रॅडिकलांपैकी एखादाच प्रदूषकाच्या वाट्याला येतो. नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ असले तर तेही वाटेकरी. उत्प्रेरक तोच, पण वेग सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो.

फेंटन यांनी १८९४ मध्ये लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जी जोडी नोंदवली ती आजही औद्योगिक सांडपाण्यावर सगळ्यात कामाची आहे. पण ती पीएच तीनच्या आसपास चालते. आधी आम्ल घाला, नंतर अल्कली घालून उदासीन करा, आणि मग सगळं लोह तपकिरी गाळ होऊन खाली बसतं. हा गाळ टाळायला मॅग्नेटाइटसारखे घन लोह-उत्प्रेरक वापरतात. चुंबकानं ओढून काढता येतात म्हणून ते मला आवडतात, पण तिथेही गाळण चाचणी कराच. पीएच तीनला मॅग्नेटाइटमधून लोह सुटतं आणि पुष्कळदा काम तेच करतं. अजून एक बारकावा: उरलेलं पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीत घाण जाळायला घातलेलं डायक्रोमेट खातं, लिटरला एक मिलीग्रॅम पेरॉक्साइडमागे सीओडी ०.४७ नं वाढलेला दिसतो. पेरॉक्साइड संपवल्याशिवाय सीओडी मोजलात तर प्रक्रियेनंतर पाणी आधीपेक्षा घाण दिसेल. हे बघून चांगली पद्धत सोडून दिलेले लोक मला माहीत आहेत.

पाण्यातला माझा लाडका उत्प्रेरक मात्र यांपैकी कुठलाच नाही. मॅंगनीज डायऑक्साइडचा काळा थर चढलेली साधी वाळू. भूजलातलं विरघळलेलं मॅंगनीज तिच्यावरून वाहताना पृष्ठभागावर चिकटतं, पाण्यातल्या ऑक्सिजननं किंवा थोड्या क्लोरीननं त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून परत मॅंगनीज डायऑक्साइडच बनतं. म्हणजे ज्या घाणीवर काम करायचं तीच उत्प्रेरकाची नवी कातडी होते. थर जाड होत जातो, अधूनमधून उलटं पाणी सोडून धुवायचा, आणि गाळणी वर्षानुवर्षं चालते. मुठीत घेतली तर हाताला काजळीसारखा डाग पडतो. यात नॅनो काही नाही, म्हणून चर्चाही कमी. पण टिकाऊपणा, साधेपणा आणि मागे काही न सोडणं या तिन्ही कसोट्यांवर मी पाहिलेला सगळ्यात हरित उत्प्रेरक तोच.

यातून वनस्पतींच्या अर्काच्या मुद्द्याकडे येता येतं. पानांचा अर्क लोहाच्या क्षारात ओतला की द्राव क्षणात काळा होतो आणि निबंधात लिहिलं जातं "शून्य-संयुजी लोहाचे नॅनोकण तयार झाले". तो काळा रंग बहुतेक वेळा लोह आणि पॉलिफिनॉल यांच्या संयुगाचा असतो, जुन्या काळी शाई ज्या रसायनानं बनायची तेच. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी ४४.७ अंशांवर धातुरूप लोहाचं शिखर दिसलं तर माना, नाहीतर नको. दुसरं, अर्काबरोबर साखर, टॅनिन, प्रथिनं सगळं पाण्यात जातं. पाणी शुद्ध करायला टाकलेल्या पुडीनंच सेंद्रिय कार्बन वाढवलेला मी मोजला आहे. असे कण बनवायला एरवी वापरतात ते बोरोहायड्राइड टाळलं, चांगलंच केलं. पण पूड वाळवायला ओव्हन, भाजायला भट्टी, धुवायला इथेनॉल, शेवटी पाण्यातून बाहेर काढायला सेंट्रिफ्यूज, हे सगळं हिशेबात धरलं तर हरितपणा कुठे उरतो ते बघावं लागतं. वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. ते पाण्यातून परत कसे काढणार, याचं उत्तर नसेल तर तुम्ही एक प्रदूषक काढून दुसरा घातला.

मी स्वतः तीनच गोष्टी विचारतो. एका मोल उत्प्रेरकानं आयुष्यभरात किती मोल काम केलं? उत्प्रेरकातलं काय काय मालात किंवा पाण्यात गेलं? आणि निकामी झाल्यावर त्याचं काय होतं? पहिल्या प्रश्नावरच बरेच जण गळतात. शंभर मिलीग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे १२५० मायक्रोमोल. त्यावर पाच तासांत ५० मायक्रोमोल हायड्रोजन मिळाला असेल तर उत्प्रेरकाच्या प्रत्येक रेणूनं एकदाही काम केल्याचा पुरावा नाही. तो उत्प्रेरक आहे हे अजून सिद्धच व्हायचंय. "प्रति ग्रॅम प्रति तास" या एककाकडेही सावधपणे बघा. प्रकाश मर्यादित असतो, त्यामुळे शंभरऐवजी दहा मिलीग्रॅम पूड टाकली की वायू थोडाच कमी होतो, पण आकडा कितीतरी पट फुगतो.

विषय निवडायचा तर माझं मत असं. हायड्रोजनमध्ये जायचं असेल तर निकेल-लोहाची सक्रियता आणखी वाढवण्यापेक्षा ती टिकवण्यावर काम करा. सौर आणि पवन वीज सारखी येते-जाते, सेल बंद झाला की उलटा प्रवाह वाहतो आणि इलेक्ट्रोड खराब होतात. हजार वेळा चालू-बंद केल्यावर काय उरतं, हे मोजणारं काम कमी आहे आणि उद्योगाला तेच हवंय. पाण्यात जायचं असेल तर पुडीचा नाद सोडा आणि पक्क्या आधारावर बसवलेला उत्प्रेरक घ्या, भले त्याचा वेग निम्मा असो. बायोडिझेलमध्ये न विरघळणारा घन अल्कली-उत्प्रेरक अजून मोकळी जागा आहे, पण चिकाटी लागेल.

कुठलाही विषय घेतलात तरी पहिल्या महिन्यात नवा पदार्थ बनवू नका. बाजारातला प्रमाणित नमुना आणा, प्रकाश-उत्प्रेरकांसाठी पी२५ ही टायटॅनियम डायऑक्साइडची पूड चालेल, आणि पाच बाटल्या लावा. एकीत प्रकाश आहे, उत्प्रेरक नाही. दुसरीत उत्प्रेरक आहे, प्रकाश नाही. तिसरीत नुसता आधार-पदार्थ. चौथीत सगळं, पण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी. पाचवीत उत्प्रेरक तासभर ढवळून मग गाळून काढलेलं पाणी. प्रकाश लागत नसलेल्या कामात दिव्याच्या जागी तापमान किंवा व्होल्टेज धरा, मांडणी तीच. पाचव्या बाटलीत क्रिया चालू राहिली तर तो द्राव आयसीपीवर, म्हणजे सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायला पाठवा, आणि अहवाल हातात येईपर्यंत भट्टी बंद ठेवा.